विजेची सायकल घेताना आधी वजन विचारा

गेल्या दोन-तीन वर्षांत बेळगावच्या शाळांच्या सायकल स्टँडवर एक नवी जात दाखल झाली आहे. दिसायला सायकल, पण मागच्या चाकात मोटर आणि मधल्या दांडीत बॅटरी. तिच्या शेजारी पॅडल नसलेली, स्कूटरसारखी दिसणारी, 'लायसन लागत नाही' म्हणून विकली जाणारी गाडीही उभी असते. जून जवळ आला की पालक आम्हाला विचारतात, "सर, मुलीला विजेची सायकल घ्यावी म्हणतो, कोणती बरी?" पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. एका चार्जमध्ये किती जाते? किती पळते? किती हप्ता बसेल? गाडीचे वजन किती आणि ते आपल्या मुलीला झेपेल का, हा प्रश्न मात्र शंभरात एखाद्यालाच सुचतो.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत.

हा विषय शाळेच्या पत्रिकेत कशाला, असे कुणाला वाटेल. पण तो शाळेचाच आहे. आपल्याकडे येणारी बरीच मुले येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, कडोली, हिंडलगा अशा भागांतून येतात. गावात सातवीपर्यंत सोय असते. पुढे मराठी माध्यमातून शिकायचे तर रोज शहर गाठावे लागते. एस.टी. वेळेवर मिळाली नाही की पहिला तास बुडतो, आणि संध्याकाळची चुकली की घरी आई दारात उभी राहते. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुला-मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा गावच्या मुलींची शाळा किती सोपी झाली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे आठ-दहा किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीला विजेची सायकल ही चैन आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. कित्येक घरांत पुढचे शिक्षण चालू राहणार की नाही, हे या अंतरावर ठरते. म्हणूनच ती सायकल चुकीची निवडली जाऊ नये.

चढावर खरी परीक्षा

आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. गाव तसे सपाट वाटते, पण सायकलवाल्याला विचारा. कपिलेश्वरचा उड्डाणपूल, गोगटे सर्कलचा पूल, तिसऱ्या रेल्वे गेटचा पूल. रेल्वे ओलांडायची म्हटली की चढ आलाच. येळ्ळूरच्या राजहंसगडाची गोष्ट तर सोडूनच द्या.

विद्यार्थी मित्रांनो, कार्य, ऊर्जा आणि शक्ती हा धडा तुम्ही विज्ञानात शिकता. त्याचा इथे उपयोग करू. नववीतील एखाद्या विद्यार्थिनीचे वजन ४५ किलो धरा. दप्तर, डबा, पाण्याची बाटली मिळून ५ किलो. सायकल २२ किलो. एकूण ७२ किलो. आता असा चढ घ्या की जिथे शंभर मीटर पुढे गेल्यावर आपण पाच मीटर वर चढतो. ताशी १२ किलोमीटर वेगाने गेल्यास दर सेकंदाला सुमारे ३.३ मीटर अंतर कापले जाते, म्हणजेच सेकंदाला साधारण एक षष्ठांश मीटर उंची गाठली जाते. ७२ गुणिले ९.८ गुणिले एक षष्ठांश केले की उत्तर येते सुमारे ११८ वॅट. रस्त्याचे घर्षण आणि वारा यांसाठी आणखी तीस-पस्तीस वॅट मिळवा. एकूण दीडशे वॅटच्या आसपास.

विनापरवाना चालविता येणाऱ्या सायकलींची मोटर कायद्याने २५० वॅटच्या आतलीच असते. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीचे काम आरामात होते. मोटरला दम आहे, आणि मुलीने थोडे पॅडल मारले तर तो अधिकच टिकतो.

आता मागे मैत्रीण बसवा. तिचे ४५ किलो आणि तिचे दप्तर ५ किलो. एकूण वजन १२२ किलो. त्याच चढाला, त्याच वेगाला आता अडीचशे वॅट लागतात. मोटर आपल्या मर्यादेवर येऊन ठेपली. काही क्षण ती जास्त जोर देऊ शकते, पण त्यात ती तापते, वेग पडतो, बॅटरी भराभर उतरते आणि पुलाच्या मध्यावर, मागून टिप्पर येत असताना, सायकल डुगडुगू लागते.

तिसरे उदाहरण पाहा. मैत्रीण नाही, मुलगी एकटीच आहे, पण सायकलऐवजी स्कूटरसारखी ८० किलोंची गाडी आहे. मुलगी, दप्तर आणि गाडी मिळून १३० किलो. लागणारी शक्ती अडीचशे वॅटच्याही वर. म्हणजे एकटी मुलगी घेऊन जातानाही त्या मोटरची निम्म्याहून अधिक ताकद गाडीचे स्वतःचे धूड वर ओढण्यातच जाते. मोटर तेवढीच, मुलगी तीच, चढ तोच. बदलले ते फक्त वजन.

दुकानदार गाडी दाखवितो ती सपाट रस्त्यावर. सपाटीवर दहा किलो वाढले तरी चार-पाच वॅटचाच फरक पडतो, कारण तिथे निम्मे काम वाऱ्याशी झुंजण्याचे असते. त्याच दहा किलोंना वरच्या चढावर वीस वॅटच्या आसपास जादा मोजावे लागतात. म्हणून आमचे सांगणे असे की, गाडी पाहायला जाल तेव्हा मुलाला, त्याच्या भरलेल्या दप्तरासह, रोजच्या वाटेवरच्या चढावर चालवून पाहू द्या. दुकानासमोरच्या चकरेला काही अर्थ नाही.

बॅटरीचे ओझे

गाडी जड होते त्याचे मोठे कारण बॅटरी. जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात. म्हणून कमी किमतीच्या गाड्यांत अजूनही चार-चार बॅटऱ्यांचा संच बसविलेला आढळतो. हा संच सहज पंचवीस किलोंच्या पुढे जातो. तेवढीच वीज साठविणारी लिथियम बॅटरी सात-आठ किलोंत बसते. सायकलीला तर एवढ्या मोठ्या बॅटरीची गरजही नसते. ३६ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २७० वॅट-तास. घरच्या मीटरवर पाव युनिटाहून थोडे जास्त. तिचे वजन दोन-अडीच किलो. ती काढून घरात नेता येते, आणि मुलगी ती एका हाताने उचलते.

किलोमीटरचा हिशेबही इथेच उलगडतो. पॅडल न मारता, नुसत्या मोटरवर गेल्यास किलोमीटरमागे दहा ते पंधरा वॅट-तास खर्च होतात असे धरले, तर २७० वॅट-तासांत १८ ते २७ किलोमीटर होतील. पॅडल मारत राहिल्यास अंतर बरेच वाढेल. दोघे बसल्यास, चढ असल्यास, चाकात हवा कमी असल्यास घटेल. जाहिरातीतील आकडा हा बहुधा हलका स्वार, सपाट रस्ता आणि चालू पॅडल यांच्या जोरावर आलेला असतो. शाळेपासून घर दहा किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन वीस किलोमीटर निभावतील का, याचा विचार मुलाचे वजन धरून करा.

आणि बॅटरी संपलीच, तर? बावीस किलोंची सायकल पॅडल मारत घरी नेता येते. दम लागेल, पण घरी पोचता येईल. ऐंशी किलोंची गाडी पावसात ढकलत नेणे पंचेचाळीस किलोंच्या मुलीला शक्य नाही. आमच्या मते, दोन गाड्यांत निवड करायची असल्यास हा एक प्रश्न पुरेसा आहे.

थांबण्याचे गणित

चढणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच थांबणेही. धावत्या वस्तूची गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साधी सायकल ताशी १५ किलोमीटरने जात होती, आता विजेची २५ ने जाते. एवढ्या वेगवाढीनेच ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. त्यात वजन दुप्पट झाले, तर साडेपाच पट. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो हे सांगायला नको. ओल्या रिमवर रबरी ब्रेक घसरतात. म्हणून विजेच्या सायकलीला निदान पुढच्या चाकाला तरी डिस्क ब्रेक असावा, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद होण्याची सोय असावी, हे तपासून घ्या. पाचशे रुपये वाचविण्याची ही जागा नव्हे.

वजन कुठे आहे, यानेही फरक पडतो. बॅटरी मधल्या दांडीत, खालच्या बाजूला असेल तर सायकल तोल धरते. कॅरिअरवर बॅटरी, तिच्यावर दप्तर आणि हँडलला डब्याची पिशवी अशी मांडणी झाली, की वळणावर मागचा भाग फिरू लागतो. मागच्या चाकात मोटर असल्याने त्या चाकावर आधीच भार अधिक असतो. त्यात खड्ड्यांचे रस्ते. तारा तुटणे, टायर फाटणे हे मागच्याच चाकाच्या नशिबी येते. पंक्चर काढायचे तरी मोटरची वायर सोडवून चाक उतरवावे लागते, आणि ते काम कोपऱ्यावरच्या प्रत्येक पंक्चरवाल्याला जमतेच असे नाही.

"जड गाडी मजबूत असते आणि रस्त्यावर चांगली बसते," असे अनेक पालक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. पोकळ, पातळ पत्र्याची अगदी हलकी सायकल आपल्या रस्त्यांवर वर्षभर टिकणार नाही. तिची रिम पहिल्याच पावसाळ्यात वाकडी होईल. पण मजबुती सांध्यांत, रिममध्ये आणि तारांत असते, आणि तोल चाकांच्या आकारात आणि खाली असलेल्या भारात असतो. काट्यावर किलो वाढले म्हणजे या दोन्ही गोष्टी आपोआप मिळाल्या असे होत नाही. चांगल्या विजेच्या सायकली वीस ते पंचवीस किलोंत मिळतात. त्याच्या वर जायचे असेल तर कारण विचारा.

किती भार चालेल ते वाचा

प्रत्येक सायकलीच्या माहितीपत्रकात कमाल भाराचा आकडा असतो. तो बारीक अक्षरांत असतो, पण असतो. तिथे नीट पाहायचे ते हे की, तो आकडा नुसत्या स्वार व सामानाचा आहे, की सायकलीचे वजनही त्यात धरले आहे. १२० किलो असे लिहिलेले असेल आणि त्यात सायकलीचे २२ धरलेले असतील, तर स्वाराला आणि सामानाला उरले ९८. सकाळी मुलगी शाळेला नेणार आणि संध्याकाळी वडील तीच सायकल घेऊन बाजारात जाणार, अशी आपल्या घरांतली रीत असते. मग हिशेब वडिलांच्या वजनाचा आणि त्यांच्या पिशवीतल्या तांदळाचा करावा लागतो. मोटर मुलीला पुरेल, पण चाक वडिलांना पुरायला हवे.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायलाच हवी. वजनाचा विषय निघाला की वर्गात हशा पिकतो. अंगाने भरलेल्या मुलाला 'तुझ्यासाठी ट्रकची मोटर लागेल' असे म्हणणारे मित्र असतात, आणि दुकानात चारचौघांत "याचं वजन जास्त आहे हो" असे मोठ्याने सांगणारे पालकही असतात. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. चपलेचे माप घेताना पायाला कुणी दोष देत नाही. जड मुलाला अधिक ओढशक्तीची मोटर, जाड तारांची चाके आणि चांगले ब्रेक लागतात, एवढाच याचा अर्थ. तसेच अगदी किरकोळ अंगाच्या मुलीला हलकी सायकल आणि बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट लागते. वजन घरी, शांतपणे मोजा, आकडा मनात ठेवा आणि दुकानात फक्त सायकलीविषयी बोला. पॅडल मारायला लाजणारे मूल पॅडल मारू लागले, तर ती सायकल सार्थकी लागली असे आम्ही समजू.

कायद्याची बाजू

आपल्या देशातील नियमानुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या मोटरची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, मान्यताप्राप्त संस्थेने तपासून प्रमाणित केलेली गाडी मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. ही सवलत या दोन्ही मर्यादा पाळणाऱ्या गाडीलाच आहे. काही ठिकाणी वेगाचा बंध काढून देतात, आणि मुलांना त्याची फुशारकी वाटते. बंध काढला की ती गाडी सवलतीतून बाहेर पडली. मग अल्पवयीन मुलाच्या हातून काही घडल्यास २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. जड गाडीला पुलावर दम पुरत नाही, म्हणून बंध काढण्याचा मोह होतो, हे लक्षात घ्या. हलकी गाडी घेतली तर हा मोह मुळातच होत नाही.

आणि हेल्मेट. ताशी २५ किलोमीटरने डोके रस्त्यावर आपटले तर रस्ता परवाना मागत नाही. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

विश्वस्त मंडळास विनंती

पालकांना उपदेश करून शाळेने मोकळे होऊ नये. विश्वस्त मंडळाने चार गोष्टींचा विचार करावा अशी आमची नम्र विनंती आहे.

पहिली, दप्तराचे वजन. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे असे म्हटले आहे. ४५ किलोंच्या मुलीला साडेचार किलो. वर्गात कपाटे करून निम्मी पुस्तके शाळेतच ठेवता आली, आणि पिण्याचे चांगले पाणी शाळेत मिळाले, तर दोन-तीन किलो वाचतील. सायकल विजेची असो वा साधी, पाठीला ते पहिल्या दिवसापासून कळेल.

दुसरी, सायकल स्टँड. तो सपाट, वर छप्पर असलेला आणि पायऱ्या किंवा उतार न लागता पोचता येईल असा हवा. बावीस किलोंची सायकल गर्दीतून उचलून काढताना आठवीच्या मुलाची दमछाक होते, आणि एक पडली की दहा पडतात.

तिसरी, वजनाचा काटा. व्यायामशाळेत किंवा प्रयोगशाळेत एक काटा ठेवावा, जिथे मूल स्वतःचे आणि दप्तराचे वजन एकट्याने पाहू शकेल. आकडा फळ्यावर लिहिला जाऊ नये.

चौथी, शाळेचा नियम. विजेच्या सायकलीवर डबलसीट नको, आणि पॅडल नसलेल्या जड गाड्या आवारात नकोत. हा नियम काहींना कडक वाटेल. ज्यांनी मुलासाठी अशी गाडी आधीच घेतली आहे, त्यांना वर्षभराची मुदत द्यावी; पण नियम व्हावा असे आम्हाला वाटते.

शेवटी पालकांना आणि मुलांना

ज्यांचे घर शहापूर, टिळकवाडी, अनगोळ अशा ठिकाणी, शाळेपासून तीन-चार किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी विजेची सायकल घेण्याआधी पुन्हा विचार करावा. तेवढ्या अंतराला चांगली साधी सायकल पुरते. ती आणखी हलकी असते, स्वस्त असते आणि तिला चार्जिंग लागत नाही. शेजारच्याने घेतली म्हणून आपण घ्यायची, हा हिशेब नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण पैशाला लागू आहे, तशी किलोंनाही आहे.

ज्यांना खरोखर लांबून यायचे आहे, त्यांनी जरूर घ्यावी. फक्त पैसे मोजण्याआधी दुकानात तीन गोष्टी मुलाला स्वतःच्या हाताने करू द्या. मोटर बंद ठेवून सायकल स्टँडवर चढवू द्या. पुढचे चाक उचलून ती उलट दिशेला वळवू द्या. आणि मोटर बंद असतानाच शंभर पावले ढकलत नेऊन परत आणू द्या. हे तिन्ही मदतीशिवाय जमले, तर ती सायकल त्याची. नाही जमले, तर ती कितीही सुंदर असली आणि कितीही सूट मिळत असली, तरी दुसरी पाहा.

मुलांनो, दुकानात तुमचे लक्ष रंगाकडे आणि लाइटकडे जाणार, आम्हाला ठाऊक आहे. तरी वरचे गणित एकदा स्वतःच्या वजनाने आणि आपल्या वाटेवरच्या चढाने सोडवून पाहा, आणि उत्तर आईवडिलांना दाखवा. विज्ञानाच्या पेपरात त्याचे गुण मिळोत न मिळोत, घरात त्याला मान मिळेल.